हायवेकडेच्या थांब्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न : सातारा–सांगली पट्टा

मी कऱ्हाडचा पेंटर. आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुढं हॉटेलवाल्यांना सिमेंटचे बैल, विहिरी, दरवाजे करून देऊ लागलो. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत रस्त्याकडेला माझ्या हातची बरीच कामं उभी आहेत. त्यामुळं दोन तऱ्हेची माणसं फोन करतात. एक, ज्यांची हायवेला जमीन आहे. दुसरी, जी पोराबाळांना घेऊन त्या रस्त्यानं जातात. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तिथं फक्त क्रमांक दिलाय.

१. ‘थांबा’ म्हणजे नक्की काय धरायचं? अजिंक्यतारा, सज्जनगड त्यात येतात का?

नाही. किल्ल्याला किंवा देवाला माणूस घरून ठरवून निघतो. मी थांबा म्हणतो ते जाणाऱ्या गाडीनं वेग कमी करावा या हेतूनं रस्त्याला उभं केलेलं काहीही. हॉटेलपुढची बैलगाडी, दारावरच्या दोन तोफा, वडाला टांगलेला झोपाळा, माणसाच्या उंचीची स्ट्रॉबेरी, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं, रसवंतीची घुंगरं. इथं थांबायचं की नाही हे माणूस गाडी चालवताना ठरवतो आणि त्याच्या हातात काही सेकंदच असतात. त्या सेकंदांचा हिशोब प्रश्न ९ मध्ये दिलाय.

२. हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे का?

तिकडं ते फार मोठ्या प्रमाणावर झालं हे खरं. साउथ डकोटा राज्यातल्या वॉल नावाच्या लहानशा गावात हस्टेड नवरा-बायकोनं १९३१ मध्ये औषधाचं दुकान घेतलं. पाच वर्षं गिऱ्हाईक असं नव्हतंच. १९३६ च्या उन्हाळ्यात बाईंना सुचलं की या तापलेल्या रस्त्यानं येणाऱ्या माणसाला आधी गार पाणी हवं असणार. ‘बर्फाचं पाणी फुकट’ अशा पाट्या त्यांनी रस्त्याला लावल्या आणि गाड्या वळू लागल्या. आज तिथं ऐंशी फुटी डायनासोर आहे, पण दुकान चाललं ते पाण्यावर. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर इथं १९६४ मध्ये केळ्यांच्या स्टॉलकडं गाड्या वळाव्यात म्हणून तेरा मीटरचं केळं उभारलं, तेही अजून आहे.

आपल्याकडं मात्र वाटसरूला थांबवायची रीत याहून कितीतरी जुनी आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात शिरल्या शिरल्या शिरवळला जुनी दगडी पाणपोई आहे. जुन्नरकडच्या नाणेघाटात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि माथ्यावरचा दगडी रांजण आहे. ती सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. पाणपोई पुण्य लागावं म्हणून बांधत, काही विकण्यासाठी नाही, हा फरक मोठा आहे. तरी माणसाला दुरून दिसावी आणि त्यानं वळावं ही अक्कल तिच्यात होतीच. तांबड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला बोर्ड आहे. त्यावर एक अक्षरही लिहावं लागत नाही.

३. रसवंतीला घुंगरं का असतात? आणि जिथं तिथं नाव कानिफनाथ किंवा नवनाथच का?

पूर्वी उसाचा चरक बैल ओढायचा आणि बैलाच्या गळ्यात घुंगरं असायची. पुढं इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, बैल गोठ्यात गेला. पण रस निघतोय हे लोकांना त्या आवाजानंच कळायचं. आवाज बंद झाला तर दुकान बंद वाटायचं. म्हणून घुंगरं बैलाच्या गळ्यातून चरकाच्या चाकाला आली.

नावाचं असं की पुरंदर तालुक्यातल्या बोपगाव भागातली पुष्कळ माणसं हा धंदा घेऊन राज्यभर गेली. कानिफनाथांचं ठाणं त्यांच्याच डोंगरावर आहे. देवाचं नाव घेऊन घर सोडलं, तेच पाटीवर आलं.

आमच्या वडिलांची रसवंती उंब्रजच्या अलीकडं, जुन्या चार नंबर हायवेला, एका लिंबाखाली होती. ट्रकवाल्यांना ती दिसायच्या आधी ऐकू यायची. आज निम्म्याहून जास्त गाड्यांच्या काचा वर असतात, आत एसी चालू असतो. त्यामुळं नवीन रसवंती टाकणाऱ्याला मी सांगतो की घुंगरं ठेवा, पण चाक रस्त्याच्या बाजूला आणा आणि त्याच्या आऱ्यांना लाल-पिवळा पट्टा मारा. फिरताना दिसलं पाहिजे.

४. सातारा जिल्ह्यातच इतकी गर्दी का? सोलापूर रोडला असं दिसत नाही.

पुणे–कोल्हापूर अंतर साधारण २३० किलोमीटर आणि सातारा जवळपास मध्यावर. पुण्याहून सकाळी सहाला निघालेल्याला नाश्त्याची भूक लागते ती इथं. शिवाय सुरूर फाट्यावरून वाई, पाचगणी, महाबळेश्वरची गर्दी वळते. एका रस्त्यावर सहलीला निघालेली, लग्नाला निघालेली आणि कामाला निघालेली माणसं अशी तिन्ही मिळतात. सोलापूर रोडवर मी काम केलेलं नाही, तिकडचं मी बोलत नाही.

५. लहान मुलांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला चाललोय. थांबून बघण्यासारखं काय आहे?

खास गाड्या थांबवायला बांधलेलं आणि आधीपासूनच असलेलं, दोन्ही सांगतो.

पहिलं लिंब. हायवेवरून थोडं आत गेलं की शेरेवाडीची बारा मोटांची विहीर लागते (मोट म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी ओढायची मोठी पिशवी). साताऱ्याच्या भोसले घराण्यातल्या वीरूबाईंनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आणि विहिरीच्या पोटात चक्क दगडी महाल. मुलं पायऱ्या उतरून आत गेली की गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलंय. कठड्याजवळ हात धरून ठेवा.

वाईकडं वळणार असाल तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेच्या घाटावरची मोठी घंटा बघा. ती १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली. पाचगणीच्या पुढं भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणीही बसून वाचावं. त्याच रस्त्याला गुरेघरला स्ट्रॉबेरीचे बगीचे आणि खायची ठिकाणं आहेत. ही मंडळी थांबा कसा चालवावा याचा वस्तुपाठ आहेत, कारण समोर जे विकतात ते मागच्या रानात पिकतं.

हायवेपासून फार लांब जायचं नसेल तर शिरवळ–खंडाळ्याच्या मधून थोडं आत नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. तिथलं स्मारक अर्ध्या तासात होतं. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथं मुलांना पळायला बाग आहे. कोल्हापूर ओलांडून कणेरीला सिद्धगिरी मठाचं गावजीवनाचं संग्रहालय आहे. माणसाएवढ्या पुतळ्यांतून सुतार, लोहार, कुंभार, मळणी सगळं दाखवलंय. आमच्या हॉटेलांपुढं दिसणारे चुलीपुढची आजी, नांगरणारा शेतकरी असे पुतळे पुष्कळांनी तिथूनच बघून मागितलेत. मूळ काम एकदा बघाच.

६. पेंटर, माझी हायवेला दीड एकर आहे. हत्ती उभा करू का डायनासोर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हत्ती करून देणं हे माझं पोट आहे, तरी आधी हे ऐका.

हत्तीचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८८१ मध्ये एकानं पासष्ट फूट उंच हत्तीच्या आकाराची इमारतच बांधली. कशासाठी? आजूबाजूचे प्लॉट खपावेत म्हणून. तो हत्ती अजून उभा आहे. पण त्याच्या पोटात जिना चढून जाता येतं. नुसता बाहेरून बघायचा असता तर तो इतकी वर्षं टिकला नसता असं मला वाटतं.

मी केलेल्या कामांकडं मागं वळून पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. उभी वस्तू दोन हंगाम ओढते. पहिल्या वर्षी सगळे फोटो काढतात, दुसऱ्या वर्षी पाव्हण्यांना दाखवतात, तिसऱ्या वर्षी त्या हत्तीजवळून तीच माणसं न बघता निघून जातात. चालती वस्तू मात्र ओढत राहते. फिरणारं चाक, उठणारी वाफ, भाजणाऱ्या शेंगांचा वास, कढईत पडणारी भजी, तव्यावर भाकरी टाकणारी बाई. कारण ती रोज नवी असते.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो. तुमच्या गावात काय चालतं? पेठ नाका, इस्लामपूर भागात अख्खा मसूर आहे. मग चुलीवर उकळणारा मसुराचा हंडा रस्त्याकडून दिसेल असा ठेवा. तासगावकडून बेदाणा आणत असाल तर शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं कशी वाळतात त्याची एक खरी जाळी मांडा. साताऱ्यात कंदी पेढ्याचा खवा लोकांपुढं भाजा. हे झाल्यावर हत्ती हवाच असेल तर मी करून देतो, आणि मनापासून करतो.

७. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे. ते लोकांना दाखवता येईल का?

येईल, आणि माझ्या मते या पट्ट्यात यापेक्षा मोठं आकर्षण नाही. पुण्यामुंबईच्या मुलांनी गूळ पिशवीतच बघितलेला असतो.

गुऱ्हाळात दर टप्प्याला बघण्यासारखं काहीतरी आहे. ऊस घाण्यात जातो, रस मंदानात (रसाच्या हौदात) जमतो, तिथून काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) येतो. चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाडं टाकणारा माणूस जाळ कमीजास्त करतो. रस तापला की भेंडीच्या झाडाचं पाणी सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मग उकळी धरते आणि काहील बोलू लागते. सुरुवातीचा फेस, नंतरचे मोठे बुडबुडे, शेवटचा जड लगदा यांचे आवाज वेगळे. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो. ती जमली की चार माणसं काहील उचलून वाफ्यात (पाक गार करायच्या पसरट जागेत) ओततात. त्या क्षणी जो वास सुटतो तो रस्त्यापर्यंत जातो. माझ्या सगळ्या पाट्या एकत्र केल्या तरी इतक्या गाड्या थांबत नाहीत.

आता करायच्या गोष्टी. काहिलीभोवती छातीएवढ्या उंचीचा लोखंडी कठडा लावा आणि लोकांची जागा त्याच्या बाहेर ठेवा. उकळता पाक अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. हा धोका हलक्यात घेऊ नका. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बघणाऱ्यांना उभं करा, नाहीतर धुरानं डोळे चोळत जातील. पुढची काहील किती वाजता उतरणार ते एका फळीवर खडूनं लिहा. माणूस तेवढ्यासाठी अर्धा तास थांबतो आणि त्या अर्ध्या तासात रस, काकवी, भेळ सगळं खपतं. गरम गूळ शेंगदाण्याबरोबर पानावर द्या, त्याचे पैसे घेऊ नका. एक किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) तिथंच कापडात बांधून विका. पाच-दहा किलोचा रवा प्रवासी नेत नाही.

आणि गुळव्याला पुढं आणा. सांगतो तो, मिरवतो मालक, असं होऊ देऊ नका. त्याचं नाव पाटीवर लिहा. लोक त्याला प्रश्न विचारतात आणि त्याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरा कुणी देऊ शकत नाही.

गुऱ्हाळ साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतं. बाकीच्या महिन्यांचं काय, ते प्रश्न १७ मध्ये.

८. हॉटेलपुढं मोट चालवून दाखवायची आहे. सिमेंटची विहीर करून द्याल का?

खरी विहीर असेल तरच करा, अगदी उथळ असली तरी. खोट्या विहिरीवरची मोट मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा मन खट्टू झालं. मुलं आत वाकतात आणि तळाला फरशी दिसते.

खऱ्या विहिरीवर मात्र लाकडी चाक, मोटेचे नाडा आणि सोंदर हे दोर, बैलांची उतरती धाव (चालायची वाट) आणि पाणी पडायचं थारोळं हे सगळं उभं करता येतं. हा शब्दसंग्रहसुद्धा आता घरातून गेलाय, म्हणून प्रत्येक भागाजवळ त्याचं नाव लिहितो. चामड्याची मोट आता सहज मिळत नाही, पत्र्याची चालते. बैल दिवसभर जुंपू नका. सकाळी आणि ऊन उतरल्यावर थोडा वेळ पुरे. बाकी जनावरांचं प्रश्न १४ मध्ये.

९. बोर्ड किती मोठा असावा, आणि किती आधी लावावा?

ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. दीडशे मीटरवरून वाचता यावं असं अक्षर हवं तर ते निदान दीड-दोन फूट उंच लागतं. म्हणजे वाचायला सात सेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात वाचायचं, बायकोला विचारायचं, आरशात बघायचं आणि डावीकडं यायचं. जमत नाही. माणूस पुढं जातो किंवा जोरात ब्रेक मारतो, आणि दुसरं जास्त वाईट.

म्हणून एकच मोठा बोर्ड लावण्यापेक्षा तीन लावा. एक किलोमीटर आधी फक्त चित्र. पाचशे मीटर आधी दोन शब्द : ‘गरम गूळ’. मग वळायच्या तोंडाशी बाण. मराठी अक्षराला वर मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळं ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. शब्द पाचाच्या वर नेऊ नका. पिवळ्यावर काळं किंवा गडद हिरव्यावर पांढरं दिसतं. लालावर निळं लांबून थरथरतं. फोन नंबर हायवेच्या बोर्डावर लिहायला मी नकार देतो, गाडी चालवताना तो कुणी टिपून घेऊ नये. बोर्ड कुणाच्या जागेत लावायचा, ते प्रश्न १२ मध्ये.

१०. माझं हॉटेल कोल्हापूरकडं जाणाऱ्या बाजूला आहे. समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक कसं ओढू?

ओढू नका. मध्ये दुभाजक आहे. तुमचा हत्ती पलीकडून दिसला म्हणून माणसं गाडी तिकडं लावून रस्ता ओलांडतात. मी एका ठिकाणी हे घडताना पाहिलं, आई आणि दोन मुलं दुभाजकावर उभी होती. त्यानंतर पलीकडच्या बाजूला तोंड करून मी एकही काम केलेलं नाही.

आपल्या बाजूचा माणूस कोणत्या वेळी कोणत्या भुकेनं येतो ते बघा. कोल्हापूरकडं जाणाऱ्याला सकाळी नाश्ता हवा, पुण्याकडं परतणाऱ्याला संध्याकाळी चहा आणि घरी न्यायला काहीतरी. खंबाटकीला तर दोन बाजू पूर्ण वेगळ्या पडल्यात. साताऱ्याकडं येणारी गाडी घाट चढून येते, पुण्याकडं जाणारी बोगद्यातून जाते. घाटमाथ्यावर काहीही मांडलं तरी एकाच बाजूला दिसतं. खाली नवे दोन बोगदे खोदलेत, ते पुरते वापरात आले की तिथल्या दुकानदारांचं गणित पुन्हा बदलणार. घाटात जागा घेणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

११. उड्डाणपूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. आता काय?

रस्ता सहापदरी होतोय तसं हे दुखणं वाढतंय. यावर गोड उत्तर माझ्याकडं नाही. खाली उभी केलेली वस्तू वरून दिसत नाही आणि उंच मनोरा करून पुलावरच्या माणसाचं लक्ष वेधणं धोक्याचं आहे, कारण तिथून तो लगेच उतरूही शकत नाही.

उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. पूल चढण्याआधी सर्व्हिस रोडचं तोंड जिथं फुटतं तिथं शेतकऱ्याशी बोलून त्याच्या रानात रीतसर पाटी लावणं. आणि नकाशाच्या ॲपवर आपल्या वळणाची खूण बरोबर करणं. पुष्कळांची खूण पुलाच्या मधोमध असते आणि गाडी वरून निघून जाते. आमची वडिलांची जागा पहिल्याच रुंदीकरणात गेली, त्यामुळं हा फोन आला की मी लवकर ठेवत नाही.

१२. परवानग्या कोणत्या लागतात? जमीन तर माझीच आहे.

जमीन तुमची, पण रस्त्याकडेची पट्टी महामार्गाची असते. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार त्या पट्टीत टपरी, पुतळा, पाटी काहीही परवानगीशिवाय ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर काढून टाकतात. हायवेवरून थेट आत गाडी वळवायची असेल तर जोडरस्त्याचीही परवानगी लागते. रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू देत नाहीत आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण असतं, असा सर्वसाधारण हिशोब आहे. गावठाणात आणि शहर हद्दीत तो बदलतो, म्हणून मोजणी करून घेतल्याशिवाय मी पाया खणत नाही. शिवाय बिगरशेती वापर, ग्रामपंचायत आणि खाण्याचं काही विकणार असाल तर अन्न परवाना. थोरांच्या पुतळ्यांचं वेगळं आहे, प्रश्न १५ बघा.

१३. फायबरचं करावं की सिमेंटचं? किती टिकतं?

हलवायचं असेल तर फायबर. जागा पक्की असेल तर सिमेंट. सिमेंटच्या कामात आधी सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी दोन-तीन थर, मग मसाला आणि निदान दहा-बारा दिवस पाणी. पाणी मारण्यात कुचराई झाली की दुसऱ्या पावसाळ्यात भेगा, भेगांतून गंज, आणि बैलाचं शिंग खाली. पोकळ भागाला खालून पाणी निघायला भोक ठेवायलाच हवं. फायबर वाऱ्याला धोकादायक असतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाहीत, आमच्याकडचा वारा मोठा आहे. नांगर बोल्ट जमिनीत पुरेसे खोल नसतील तर घोडा उडून रस्त्यावर येतो. रंग दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो, दक्षिणेकडची बाजू आधी उडते.

१४. पोपट, माकड, नाग, घोडा असं जिवंत काही ठेवलं तर गर्दी वाढेल ना?

वाढेल, आणि तुम्ही अडकाल. हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला केंद्र सरकारनं १९९८ मध्येच बंदी घातली. नागाचं तर सांगायला नको. आपल्याच सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला कित्येक पिढ्यांची जिवंत नागांची पूजा न्यायालयाच्या आदेशानं थांबवावी लागली. तिथं हॉटेलपुढच्या टोपलीतल्या नागाची काय कथा.

घरच्या गाई, शेळ्या, कोंबड्या ठेवा. शहरातल्या मुलाला करडू हातात घ्यायला मिळालं तर त्याला माकड लागत नाही. सावली, पाणी आणि लोकांपासून मागं सरकायला जागा एवढं जनावराला हवंच. आणि घाटातल्या माकडांना गाडीतून खायला टाकू नका, ती मग रस्त्यावर येऊन मरतात.

१५. हॉटेलच्या दारात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा करायचाय. मावळे चालतील का?

राष्ट्रपुरुषांच्या पुतळ्याला शासनाची परवानगी लागते. जागा खासगी असली तरी आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, नंतर वाद झाला तर फार उशीर झालेला असतो.

परवानगीच्या पलीकडचं माझं मत असं की महाराजांना गिऱ्हाईक बोलवायला दारात उभं करू नये. पुतळ्याची रोज स्वच्छता, हार, राखण करावी लागते आणि समोर लोक खरकटे हात धूत असतात. मी हे काम घेत नाही. मावळ्यांचंही तेच. हातात मेन्यू धरलेला मावळा एका मालकानं मागितला होता. मी त्याला दगडी दरवाजा आणि दोन दिवट्या करून दिल्या, आणि ते दार आजही लोकांना आवडतं.

१६. मोठी थाळी संपवली तर बक्षीस, असं ठेवू का?

२०२१ मध्ये वडगाव मावळकडच्या एका हॉटेलानं चार किलोची थाळी एका तासात संपवणाऱ्याला बुलेट द्यायचं जाहीर केलं आणि देशभर नाव झालं. गर्दी झाली हे खरं. पण गाडी चालवत पुढं जायचं असलेल्या माणसाला एवढं खाऊ घालणं मला पटत नाही. पोट तट्ट भरलं की झोप येते आणि पुढं घाट असतो. अन्न टाकलं जातं ते वेगळंच. पैजच हवी तर उसाचं कांडं दातानं सोलायची ठेवा, पोरं खूश होतात.

१७. हंगाम नसताना आणि पावसाळ्यात काय दाखवायचं?

गुऱ्हाळ बंद झालं की उन्हाळ्यात रसवंती आणि कैरीचं पन्हं. पावसाळ्यात भाजलेलं कणीस, गरम भजी आणि बसायला कोरडी जागा. शाळूच्या (ज्वारीच्या) कणसात दूध भरलं की हुरडा. हुरड्याला आगटी (भाजायचा खड्डा), गोवऱ्यांची आर (निखारे) आणि कणसं चोळणारा अनुभवी हात लागतो. ज्या महिन्यात दाखवण्यासारखं काही नाही त्या महिन्यात तसंच सांगावं. ‘गुऱ्हाळ बंद, पुढचा हंगाम दिवाळीनंतर’ अशी पाटी मी एकाला करून दिली. बंद गुऱ्हाळापुढं आल्यावर हिरमुसण्यापेक्षा माणूस ते वाचून पुढं जातो आणि दिवाळीनंतर येतो.

१८. लोक फोटो काढतात आणि काही न घेता निघून जातात. तिकीट लावू का?

लावू नका. फोटोची जागा कुठं आहे ते आधी बघा. पुतळा फाटकाजवळ असेल तर माणूस गाडीतून उतरून, फोटो काढून तिथूनच जातो, आणि गाडी रस्त्यावर अर्धी राहते. पुतळा आत, पार्किंगच्या मागं, चुलीच्या जवळ ठेवा. बाहेरून त्याचं डोकं तेवढं दिसू द्या. वास आला की हात खिशात जातो. फुकट पाणी ठेवाच. का, ते प्रश्न २ मध्ये वाचा.

१९. बायका थांबायला नाही म्हणतात, नवरे थांबू म्हणतात. असं का होतं?

संडास. दुसरं काही नाही. एका मालकानं माझ्याकडून मोठं सुंदर काम करून घेतलं. झोपाळे, बैलगाडी, दिवट्या, सगळं. स्वच्छतागृह मागं, अंधारात, कडी तुटलेलं, पाण्याची बादली रिकामी. माझ्या बहिणीनंच मला सांगितलं की दादा, तुझा बैल छान आहे पण आम्ही पुढं जाऊन थांबलो. तेव्हापासून कुणाचंही काम घेताना मी आधी मागं जाऊन कडी लावून बघतो. कडी, दिवा, पाणी, साबण, पिशवी अडकवायला खिळा आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा. एवढं झाल्यावर मग समोरच्या सजावटीचं बोलू. त्याची पाटीही मोठी करा, बायका ती आधी वाचतात.

२०. हॉटेल बंद पडलं. पुतळ्याचं काय करू? रस्त्याकडेला तसाच राहू देऊ का?

राहू देऊ नका. पडीक पुतळ्यामुळं गाड्या अजून वेग कमी करतात आणि वळायला जागा नसते. पाटी असेल तर आजच काढा. फायबरचं असेल तर शाळेला किंवा ग्रामपंचायतीच्या बागेला द्या, आनंदानं नेतात. सिमेंटचं हलत नाही, ते फोडावं लागतं. मला बोलवा. माझं काम मी स्वतः फोडतो, मजुरी घेत नाही.

वडिलांची रसवंती उठली तेव्हा चरक भंगारात द्यायचं ठरलं होतं. वडिलांनी आदल्या रात्री चाकाची घुंगरं सोडून घेतली. ती आता माझ्या वर्कशॉपच्या दाराला आहेत, दार उघडलं की वाजतात.